कप्तान जोशुआ स्लोकम : खाडीच्या मुखातून महासागराकडे

समुद्रावर नावेस अधिक धोका कोठे, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक भर समुद्राकडे बोट दाखवितील. जेथे चहूंकडे पाणीच पाणी आहे, जमिनीचा मागमूसही नाही, तेथेच संकट अधिक असणार असे आपणांस स्वाभाविकपणे वाटते. परंतु शिडाच्या गलबतावर ज्याचा जन्म गेला तो खलाशी असे म्हणणार नाही. त्यास खरे भय वाटते ते किनाऱ्याचे, आणि त्यातही विशेषेकरून खाडीच्या मुखाचे.

ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भरतीचे पाणी खाडीच्या अरुंद मुखातून आत शिरते आणि ओहोटी लागली म्हणजे त्याच वाटेने वेगाने बाहेर पडते. ह्या जाण्यायेण्यात पाणी आपल्याबरोबर वाळू वाहून आणते. मुखाबाहेर आल्यावर प्रवाह पसरतो, त्याचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. अशा रीतीने मुखाच्या बाहेरच्या अंगास वाळूचा एक आडवा दांडा तयार होतो. हा दांडा आज येथे तर पुढील पावसाळ्यानंतर तेथे, अशी त्याची स्थिती असते. बाहेरून येणारी सागराची लाट ह्या उथळ जागी पोहोचली की उंच होते व फुटते. त्यातच ओहोटीचा लोट समोरून आला तर लाटा आखूड, उभ्या आणि विलक्षण खवळलेल्या होतात. मोठ्या गलबतास तेथे तळ लागण्याचे भय. लहान होडीस तळाचे भय कमी, परंतु आडवी सापडल्यास तिला पालथी घालण्यास फुटणारी एकच लाट पुरे.

अशाच एका मुखाने एका कर्तबगार मनुष्याचे सर्वस्व हिरावून घेतले आणि पुढे सहा महिन्यांच्या आत त्याच मुखातून तो मनुष्य स्वहस्ते बांधलेल्या होडीत बसून, बायकामुलांसह महासागरात गेला. त्याचे नाव कप्तान जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष म्हणून तो जगास ठाऊक आहे. परंतु त्या कीर्तीचा पाया ज्या प्रसंगी घातला गेला, तो प्रसंग मात्र थोड्यांस माहीत असतो. तोच आज विशेष करून सांगावयाचा आहे.

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात माउंट हॅन्ली ह्या गावी झाला. हे गाव फंडीच्या उपसागराजवळ आहे. ह्या उपसागराची ख्याती अशी की, जगातील सर्वांत उंच भरती येथेच येते; त्याच्या अगदी आतल्या टोकास भरती व ओहोटी ह्यांच्या पातळीत पन्नास फुटांपर्यंत अंतर पडते. पाण्याचे चढणे, उतरणे, वाहणे आणि उलटणे हे त्या मुलाने अक्षरओळखीबरोबरच पाहिले असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच्या आईचा पिता ब्रायर बेटावरील दीपगृहाचा रखवालदार होता. पुढे हे कुटुंब त्याच बेटावरील वेस्टपोर्ट गावी राहावयास गेले आणि जोशुआच्या वडिलांनी तेथे कोळ्यांसाठी जोडे तयार करण्याचे दुकान घातले.

दहाव्या वर्षी मुलाची शाळा सुटली व तो दुकानात बसून जोडे शिवू लागला. त्याचे मन मात्र दुकानात नव्हते. एकदा तळघरात बसून तो लहानशा जहाजाची प्रतिकृती मोठ्या मेहनतीने करीत होता. वडिलांनी ती पाहिली व कामात टंगळमंगळ करतो म्हणून रागाने फोडून टाकली. प्रतिकृती फुटली, पण मुलाचा ध्यास फुटला नाही. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो घरातून पळाला आणि एका मासेमारी गलबतावर स्वयंपाक्या म्हणून राहिला. १८६० साली त्याची आई वारली. तेव्हापासून त्याने घर कायमचे सोडले आणि साधा खलाशी म्हणून तो दूरदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला.

ज्याची शाळा दहाव्या वर्षी सुटली त्याने पुढे आपले शिक्षण आपणच केले. सूर्य व तारे ह्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याचे गणित तो शिकला, ग्रंथ वाचू लागला आणि पंचविशीच्या सुमारास एका गलबताचा कप्तान झाला. ३१ जानेवारी १८७१ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही बाई मोठी धीराची होती. तिने जमिनीवर घर मांडले नाही. नवऱ्याचे जहाज हेच तिचे घर. त्यांची मुले समुद्रावर अथवा परक्या बंदरांत जन्मली. त्यांपैकी चार जगली. चीन, जपान, फिलिपाइन बेटे, अमेरिका असा ह्या कुटुंबाचा संचार चाले. स्लोकमचा उत्कर्ष होत गेला आणि १८८२ साली तो 'नॉर्दर्न लाइट' नावाच्या मोठ्या व देखण्या जहाजाचा कप्तान व भागीदार झाला.

परंतु काळ पालटत होता. वाफेच्या आगबोटी शिडांच्या जहाजांचा धंदा ओढून नेत होत्या. स्लोकमने मोठे जहाज सोडून 'ॲक्विडनेक' नावाचे तीन डोलकाठ्यांचे लहान गलबत विकत घेतले. ह्या गलबतावर असतानाच, २५ जुलै १८८४ रोजी, ब्वेनोस आयरेस बंदरात व्हर्जिनियाचा अंत झाला. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याची घडी विसकटली. १८८६ साली त्याने हेन्रिएटा नावाच्या आपल्या नात्यातील तरुणीशी दुसरा विवाह केला व तिला आणि मुलांपैकी व्हिक्टर व गारफील्ड ह्या दोघांना घेऊन तो दक्षिण अमेरिकेकडे निघाला.

ह्या सफरीत संकटांची माळच लागली. पटकीच्या साथीमुळे ब्राझीलच्या बंदराने त्याचा माल उतरू दिला नाही. पुढे गलबतावर बंड झाले. जिवावर बेतल्यामुळे त्याने गोळी झाडली व त्यात एक मनुष्य मेला. खटला होऊन स्वसंरक्षण म्हणून तो निर्दोष सुटला. त्यानंतर खलाशांत देवीची साथ पसरली. ह्या सर्वांतून निभावून १८८७ च्या अखेरीस लाकडाचा माल भरून तो ब्राझीलच्या दक्षिण भागातील पारानाग्वा उपसागरातून निघाला.

पारानाग्वा हा जमिनीत खोलवर शिरलेला विस्तीर्ण उपसागर आहे. त्याच्या मुखाशी बेटे आहेत आणि वाळूचे दांडे पसरले आहेत. गलबत चालले असता वारा व प्रवाह दोन्ही प्रतिकूल झाले आणि ते एका दांड्याजवळ ओढले जाऊ लागले. अशा वेळी शिडाच्या गलबतास नाक वाऱ्याच्या पलीकडे वळवून दुसऱ्या बाजूस निघून जावे लागते. 'ॲक्विडनेक'ने वळण घेण्याचा प्रयत्न केला, पण ते पुरे झाले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नाव पुढे चालत असेल तरच सुकाणू तिला वळविते, ती थांबली की सुकाणू निरुपयोगी होते आणि पाणी नेईल तिकडे तिला जावे लागते. तसेच झाले. नांगर टाकला, पण भुसभुशीत वाळूत तो धरीना. गलबत आडवे होऊन दांड्यावर चढले. तीन दिवस लाटांनी त्यास झोडपले आणि अखेरीस त्याचा कणा मोडला.

माणसे सर्व वाचली. परंतु गलबताचा विमा उतरलेला नव्हता आणि स्लोकमची होती नव्हती ती सारी पुंजी त्यातच होती. मोडलेले गलबत विकून त्याने प्रथम खलाशांचे पगार चुकते केले व त्यांस मार्गी लावले. मग तो, त्याची पत्नी, सोळा वर्षांचा व्हिक्टर आणि सात वर्षांचाही न झालेला गारफील्ड अशी चार माणसे त्या परक्या किनाऱ्यावर उरली. स्वदेश हजारो मैल दूर. कोणाच्या तरी दयेने निराश्रित म्हणून परत जाता आले असते. पण ते त्या मानी मनुष्यास रुचेना. त्याने ठरविले की आपण नवी बोट बांधावयाची आणि तिच्यातून स्वतः घरी जावयाचे.

त्याजवळ हत्यारे किती होती? एक कुऱ्हाड, एक वासला, दोन करवती, भोके पाडण्याची दोन-तीन अवजारे, शिडे शिवण्याच्या मोठ्या सुया आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका जुन्या पिशवीत सापडलेली कानस. ह्या कानशीचे मोल त्यास सर्वांहून अधिक वाटले, कारण तिच्यावाचून बाकीच्या हत्यारांस धार कोण लावणार? काही लाकूड फुटलेल्या गलबतातून काढले, काही जवळच्या रानातून तोडून आणले. फळ्या दाबून धरण्याचे चाप पेरूच्या वाकड्या फांद्यांचे केले. खिळ्यांच्या टोकांस बसविण्याच्या चकत्या तांब्याच्या नाण्यांतून तयार केल्या. शिडे हेन्रिएटाने शिवली. मध्यंतरी हिवतापाने सर्वांस ग्रासले; ताप उतरला की काम पुन्हा सुरू होई.

बोट झाली ती ३५ फूट लांब, साडेसात फूट रुंद व तीन फूट खोल. तिची घडण काही अंशी अमेरिकन कोळ्यांच्या होडीसारखी व काही अंशी जपानी संपानसारखी होती. शिडे चिनी पद्धतीची, बांबूच्या आडव्या काठ्यांवर ताणलेली होती. ती झटकन खाली घेता येत. पाणी आत शिरले तरी बोट बुडू नये म्हणून दोन्ही बाजूंस पोकळ बांबू घट्ट बांधले होते. पूर्वेकडील समुद्रांवर घालविलेल्या वर्षांत पाहिलेले सर्व येथे उपयोगी पडले. १३ मे १८८८ रोजी ही बोट पाण्यात लोटली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी नष्ट करणारा कायदा झाला. म्हणून बोटीचे नाव ठेवले 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य.

आता सरकारी अडचण उभी राहिली. एवढ्याशा बोटीतून उत्तर अमेरिकेस जाण्याचा परवाना अधिकारी कसा देणार? शेवटी स्लोकमने मुखाच्या आत व बाहेर मासे धरण्याचा परवाना मिळविला. मुखाबाहेर म्हणजे नेमके किती मैल, हे त्या कागदात लिहिलेले नव्हते! बिस्किटे, पीठ, सुकविलेले मांस, दोनशे संत्री, थोडा ऊस आणि १२० गॅलन गोडे पाणी भरून बोट सज्ज झाली.

मुख ओलांडण्याचे शास्त्र मुलांनी समजून घ्यावे. लहान शिडाच्या नौकेने ओहोटीच्या भर जोरात बाहेर पडू नये, कारण त्या वेळी लोट व लाटा ह्यांची झुंज लागलेली असते. उधाणाच्या दिवशी तर विशेष जपावे. भरती पुरी होऊन पाणी काही काळ स्थिर असते व दांड्यावर खोलीही सर्वांत अधिक असते, ती वेळ साधावी. वारा पुरेसा व बाहेर नेणारा असावा, कारण वाऱ्याशिवाय वेग नाही व वेगाशिवाय सुकाणू नाही. आत असतानाच सामान घट्ट बांधावे. लाटांचा क्रम दुरून पाहावा. काही मोठ्या लाटांनंतर थोडी उसंत मिळते. एकदा निघाल्यावर मात्र नाक लाटेसमोर ठेवावे, मध्येच बिचकून आडवे वळू नये. जाणत्या दर्यावर्दीचा पुष्कळसा वेळ जाण्यात नव्हे तर थांबण्यात आणि पाहण्यात जातो.

२४ जून १८८८ रोजी नैऋत्येकडून अनुकूल वारा वाहत होता. स्लोकमने शिडे चढविली. ज्या उपसागराच्या वाळूत त्याचे गलबत मोडून पडले होते, त्याच उपसागराच्या मुखातून ही चिमुकली बोट बाहेर पडली. सुकाणूवर तो स्वतः, मदतीस व्हिक्टर, आणि आत आई व धाकटा मुलगा. मुखाबाहेर दक्षिण अटलांटिकच्या प्रचंड लाटा किनाऱ्याकडे येत होत्या व साठ फूट खोलीच्या पाण्यावर पोहोचताच गर्जना करीत कोसळत होत्या. अननुभवी मनुष्य अशा वेळी किनाऱ्याच्या जवळ राहू पाहतो, कारण जमीन दिसली म्हणजे त्यास धीर येतो. स्लोकमने उलट केले. त्याने बोट जमिनीपासून दूर, खोल समुद्रात नेली. तेथे लाटा डोंगराएवढ्या असल्या तरी फुटत नव्हत्या. त्या एकामागून एक नियमाने बोटीखालून निघून जात होत्या. चोवीस तासांत दीडशे मैल तोडून ती सांतोस बंदरापाशी पोहोचली.

पण समुद्राने परीक्षा संपविली नव्हती. सांतोसच्या तोंडाशी डोंगराच्या खिंडीतून अकस्मात वाऱ्याचा झोत आला आणि शिडांच्या चिंध्या झाल्या. तेथून रिओपर्यंत एका आगबोटीने 'लिबरदादे'स ओढून नेले. त्या वेळी दोर तोडण्याची पाळी आल्यास असावी म्हणून व्हिक्टर हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. रिओस नवी शिडे करून पुढील प्रवास सुरू झाला. एका रात्री एक अजस्र देवमासा बोटीखाली येऊन तिला धक्का देऊन गेला. पेर्नांबुकोपासून बार्बाडोस बेटापर्यंतचे २,१५० मैल बोटीने १९ दिवसांत कापले. २८ ऑक्टोबर रोजी दक्षिण कॅरोलायनाचा किनारा दिसला. प्रत्यक्ष शिडावर चालल्याचे दिवस ५३ आणि अंतर सुमारे ५,५०० मैल. नंतर किनाऱ्याकिनाऱ्याने व खाड्यांतून जात २७ डिसेंबर १८८८ रोजी 'लिबरदादे' वॉशिंग्टन शहरी जाऊन लागली. चौघेही सुखरूप होती. १८९० साली स्लोकमने ह्या प्रवासाचे पुस्तक स्वखर्चाने छापिले.

ह्यापुढील कथा जगास ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. शिडाच्या जहाजांच्या कप्तानास आता काम मिळेना. १८९२ च्या हिवाळ्यात एका जुन्या स्नेह्याने त्यास एक जहाज देऊ केले. जाऊन पाहतो तो मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेव्हन गावी एका शेतात टेकू देऊन ठेवलेली जुनी, कुजकी नौका! तिचे नाव 'स्प्रे'. स्लोकम निराश झाला नाही. तेरा महिने खपून व ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने तिची फळीन् फळी नवी केली. ३६ फूट ९ इंच लांबीच्या ह्या नौकेतून २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो बॉस्टनहून एकटा निघाला.

प्रथम तो आपल्या बालपणीच्या वेस्टपोर्ट गावी गेला. वाटेत एका कोळ्यास त्याने मार्ग विचारला. त्याने सांगितलेली दिशा चुकली आणि 'स्प्रे' फंडीच्या उपसागरातील अत्यंत वाईट भोवऱ्यांच्या प्रवाहात सापडली. ज्या पाण्याशेजारी तो वाढला त्याच पाण्याने त्यास पुन्हा बजाविले की ओळखीचा समुद्रही गृहीत धरू नये. पुढे जिब्राल्टर, मॅगेलनची सामुद्रधुनी, सामोआ, ऑस्ट्रेलिया, कीलिंग बेटे, मॉरिशस, केप टाउन असा फेरा घालून तीन वर्षे दोन महिन्यांत त्याने सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास केला. विशेष हे की त्यास पोहता येत नव्हते!

२७ जून १८९८ रोजी तो अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदराच्या मुखाशी पोहोचला. त्या वेळी अमेरिका व स्पेन ह्यांचे युद्ध चालू होते आणि बंदराच्या वाटेत पाणसुरुंग पेरलेले होते. तेव्हा स्लोकमने खोल पाण्याची वाट सोडून दिली व जेथे खोल बुडणारे कोणतेही जहाज जाऊ शकत नाही अशा खडकांच्या अगदी कडेने आपली उथळ नौका आत नेली. दहा वर्षांपूर्वी पारानाग्वाच्या मुखाबाहेर खोल पाणी हेच अभय होते. येथे उथळ पाणी हेच अभय ठरले. नियम पाठ करून हे साधत नाही. प्रत्येक मुख नव्याने वाचावे लागते.

ह्या प्रदक्षिणेवर त्याने लिहिलेला ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला व अनेक भाषांत गेला. पुढे काही वर्षांनी तो 'स्प्रे'मधून पुन्हा एकटाच दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. नौकेचा एक तुकडाही सापडला नाही. १९२४ साली कायद्याने त्यास मृत ठरविण्यात आले. लहानपणी वडिलांबरोबर जोडे शिवणारा जोशुआ व बापाबरोबर 'लिबरदादे' बांधणारा व्हिक्टर, अशा दोन पिढ्यांच्या कष्टांची हकीकत पुत्र व्हिक्टर ह्याने पित्याच्या चरित्रात लिहिली. ते १९५० साली प्रसिद्ध झाले.

विद्यार्थिमित्रहो, स्लोकमच्या अंगी दोष नव्हते असे नाही. तो तापट होता, कठोर होता, आणि घरातल्या माणसांस त्याच्या समुद्रवेडाची किंमत द्यावी लागली. पहिल्या सफरीनंतर हेन्रिएटा त्याच्याबरोबर पुन्हा लांबच्या प्रवासास गेली नाही, ह्याचे नवल वाटू नये. परंतु एक गुण त्याच्यापासून अवश्य घ्यावा. ज्या पाण्याने त्यास बुडविले त्यास शिव्या देत तो किनाऱ्यावर बसून राहिला नाही, आणि रागाच्या भरात त्याच्यावर धावूनही गेला नाही. सहा महिने त्याने हातांनी काम केले, हवा पाहिली, पाणी पाहिले आणि योग्य वारा सुटताच शीड चढविले. मोठे गलबत गेले म्हणून लहान बोटीची त्यास लाज वाटली नाही. परीक्षेत, व्यवहारात अथवा संसारात ज्यांचे गलबत एकदा वाळूवर लागले आहे, त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. मुख तेच असते, वाळूही तीच असते. पाणी मात्र पुन्हा भरते.